लकी ड्रॉच्या कुपनात अडकलेले पैसे परत कसे मागायचे

डिचोली बसस्टँडजवळ माझं झेरॉक्सचं दुकान आहे. कागद काढायला आलेली माणसं हळूच विचारतात, "तक्रारीचा अर्ज लिहून द्याल का?" त्यात ‘हॉलिडे मेंबरशिप’वाले बरेच, म्हणजे आधी मोठी रक्कम भरा आणि पुढे सुट्टीत हॉटेलात खोली मिळेल, अशा योजनेत अडकलेले. चवथीच्या बाजारात गंमत म्हणून कुपन भरलेलं असतं. मग फोन येतो, बक्षीस लागलंय, नवरा-बायको दोघंही या. माझे दादा आणि वहिनीही असेच पणजीतल्या एका हॉटेलात गेले. तीन तास बसवून ठेवलं, जेवू घातलं, आणि उठेपर्यंत दादाच्या क्रेडिट कार्डावरून ७०,००० रुपये गेले होते. पुढे वर्षभर ज्या ज्या तारखा मागितल्या, त्या त्या तारखांना एकही खोली मिळाली नाही.

असं झालं तर त्याच रात्री करार काढून शेवटच्या पानापर्यंत वाचा. दादाच्या कराराची अकरा पानं होती आणि ‘पैसे परत मिळणार नाहीत’ हे सातव्या पानावर, मुंगीएवढ्या अक्षरात. सही मात्र अकराव्या पानावर घेतलेली. रद्द करायची काही दिवसांची मुदत करारात दिली असेल, तर त्या मुदतीतच ईमेल आणि स्पीड पोस्ट, दोन्हींनी ‘सदस्यत्व रद्द करा, पैसे परत द्या’ असं कळवा. पैसे कार्डावरून गेले असतील तर बँकेलाही लगेच लेखी कळवा.

तोंडी आश्वासनं ही खरी अडचण. "चवथीच्या सुट्टीत कुठेही खोली मिळेल," असं तिथे सांगतात, करारात ते कुठेच नसतं. यावर उपाय एकच. ज्याने सांगितलं त्यालाच व्हॉट्सअ‍ॅपवर विचारा: "आज तुम्ही सुट्टीच्या दिवसांतही खोली मिळेल म्हणालात, ते नक्की ना?" वहिनीने दुसऱ्या दिवशी सकाळी सहज विचारलं होतं आणि त्या पोराने "हो मॅडम, शंभर टक्के" असं उत्तर पाठवलं होतं. पुढे सगळ्या फायलीत तोच कागद सगळ्यात जड ठरला. असे मेसेज पुसू नका, फोन बदलला तरी जुना जपून ठेवा.

आता कुठे जायचं ते बघू. इथे लोकांचा फार घोटाळा होतो, म्हणून सावकाश सांगतो. कंपनीला दंड करणारी जागा वेगळी आणि तुमचे पैसे मिळवून देणारी वेगळी.

२०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण नेमलेलं आहे. फसव्या जाहिरातीसाठी ते १० लाखांपर्यंत आणि पुन्हा तसंच केलं तर ५० लाखांपर्यंत दंड करू शकतं. पण तो दंड तुमच्या खात्यात येत नाही. तरीही तिथे तक्रार करा, कारण तुमच्यासारखेच आणखी किती जण त्या टेबलावर बसले असतील. त्यासाठी दिल्लीला जावं लागत नाही. अनेक ग्राहकांचं नुकसान करणाऱ्या व्यवहाराची तक्रार कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांकडेही लेखी देता येते. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोचेचा शिक्का घेतल्याशिवाय खिडकीसमोरून हलू नका.

स्वतःच्या पैशांसाठी आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करा. मराठीत बोलता येतं. तक्रारीचा नंबर देतात तो लिहून ठेवा. ते कंपनीकडे तक्रार पाठवतात, पण कंपनीवर हुकूम चालवू शकत नाहीत. दादाला कंपनीकडून ‘नियमाप्रमाणे परतावा नाही’ एवढंच उत्तर आलं. ते उत्तरही आम्ही फायलीला लावलं.

मग जिल्हा ग्राहक आयोग, ज्याला लोक अजून ‘ग्राहक मंच’च म्हणतात. उत्तर गोव्याचा पर्वरीला, दक्षिणेचा मडगावला. तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत जायला हवं. दिलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर फी नाही. वकील लावलाच पाहिजे असंही नाही. ‘वाद फक्त मुंबईच्या कोर्टात’ असं करारात वाचून माणसं घाबरून घरी बसतात याचं मला फार वाईट वाटतं. तुम्ही जिथे राहता तिथल्या आयोगात तक्रार करायचा हक्क कायद्यानेच दिलेला आहे. ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्याही दाखल करता येते.

तक्रार लिहिताना राग बाजूला ठेवा आणि तारखा लिहा. कुपन कधी भरलं, फोन कधी आला, पैसे कधी दिले, खोली कधी मागितली, काय उत्तर मिळालं. ‘आमची घोर फसवणूक झाली’ अशी पाच वाक्यं लिहिण्यापेक्षा ‘अमुक तारखेला चार जणांसाठी खोली मागितली, नाही म्हणाले’ हे एक वाक्य पुरतं. कंपनीच्या मुख्य कचेरीचा आणि गोव्यातल्या कचेरीचा, दोन्ही पत्ते घाला. शेवटी काय हवं ते आकड्यांत मागा: मूळ रक्कम, व्याज, मनस्तापाची भरपाई, खर्च. व्याज मागायला लोक विसरतात. सोबत प्रतिज्ञापत्र लागतं.

आयोगाची नोटीस पोचली की कंपनीला उत्तरासाठी ३० दिवस मिळतात, आयोगाने फार तर आणखी १५ वाढवून दिले तर दिले. बहुतेक याच काळात तडजोडीचा फोन येतो. दादालाही आला: "आधी तक्रार मागे घ्या, चेक पाठवतो." दादा सही करायला निघालाच होता, मी त्याला दुकानात बसवून ठेवलं. तडजोड करायची तर ती लेखी, आयोगासमोर मांडून, आणि पैसे खात्यात जमा झाल्यावरच तक्रार मागे. आम्ही तेच कळवलं. रक्कम दोन हप्त्यांत आली. दुसरा हप्ता पासबुकात छापून आला त्या दिवशी वहिनी स्वतः पासबुक घेऊन दुकानात आली, त्या पानाची झेरॉक्स काढून फायलीला लावली, आणि मगच दादाने मागे घेण्याच्या अर्जावर सही केली.