जुनी फ्लाय लाइन पुन्हा वापरात आणायची तर

बेळगावात कॅम्पातल्या एखाद्या जुन्या घराच्या माळ्यावर फ्लाय फिशिंगचं, म्हणजे गळाला नकली माशी लावून मासे धरायचं रीळ सापडलं आणि त्यावरची लाइन, म्हणजे दोरी, चिकट होऊन बसली असेल, तर लगेच फेकू नका. आधी ती कशाची आहे ते बघा. टोकाचा एक तंतू काढून जाळा. केस जळल्यासारखा वास आला आणि राख बोटात चुरडली तर रेशीम. वितळून कडक मणी झाला तर नायलॉनवर प्लॅस्टिक चढवलेली लाइन.

प्लॅस्टिकचं काम थोडक्यात. कोमट पाणी, भांड्यांच्या लिक्विडचे दोन-तीन थेंब, मऊ सुती फडकं. मग साध्या पाण्यातून नीट काढा, साबण राहिला तर लाइन धड तरंगत नाही. पेट्रोल, थिनर लावू नका. डीट हे रसायन असलेलं डासांचं मलमही लाइनीवरचं पीव्हीसी प्लॅस्टिक खातं, तेव्हा हात धुऊन घ्या. आवरणाला भेगा पडल्या असतील तर नाद सोडा.

रेशमावर मात्र मेहनत घ्यावी. हातभर-हातभर धरून ताणून बघा. कुजलेली असेल तर तटकन तुटेल. हिडकल धरणाच्या पाण्यात मासा लागल्यावर तुटण्यापेक्षा घरात तुटलेली बरी. धड असेल तर खायचा सोडा घातलेल्या कोमट पाण्यात रात्रभर भिजवा. धुण्याचा सोडा रेशमाला झोंबतो. सकाळी लाइनीवर आधी चढवलेलं जुनं तेल शेंबडासारखं सुटतं. ते फडक्याच्या चिमटीतून ओढत काढा, लाइन धुवा आणि सावलीत खडखडीत वाळवा.

आता जवसाचं तेल. घाण्यावरचं, चटणीत घालायचं नको, ते सुकायला फार दिवस घेतं. रंगाच्या दुकानात 'बॉइल्ड लिनसीड' मागा. बुडबुडे थांबेपर्यंत लाइन त्यात बुडवा, मग जवळजवळ कोरडी होईल इतकी पुसा. जाड थर म्हणजे पुन्हा तोच चिकटा. अशा लाइनी बहुधा 30 वार, म्हणजे सुमारे 27 मीटर असतात, म्हणून सोप्यातल्या खांबांना सैल फेरे देऊन टांगा. पूर्ण सुकल्यावर पुन्हा तेल, असे तीन-चार हात द्या. हे काम मार्च-एप्रिलात करा. तेल हवेतल्या ऑक्सिजनने घट्ट होतं, पण खानापूर-कणकुंबीकडच्या पावसाळी दमटपणात ते रखडतं.

तेलाची फडकी चुरगळून कोपऱ्यात टाकू नका, ती आपोआप पेट घेतात. पाण्यात भिजवून अंगणात पसरून वाळवा.

पाण्यावर नेण्याआधी लाइनीला फ्लोटंट ग्रीसचा, म्हणजे तिला तरंगती ठेवणाऱ्या ग्रीसचा पातळ हात द्या. घरी आल्यावर ती रिळावरून काढून मोकळी वाळवा, ओली गुंडाळलेली रेशमी लाइन कुजते.