गडवाटेची साफसफाई मोहीम काढायची असेल तर हे आधी वाचा

सुरुवात शेवटापासून करा, म्हणजे गोळा केलेला कचरा नक्की जाणार कुठे ते आधी ठरवा. आमच्या पहिल्या मोहिमेत पंधरा-वीस गोण्या भरल्या, सगळे खुश, फोटो झाले, आणि गोण्या पायथ्याला एका वाड्यामागे ठेवून आम्ही घरी. महिन्याने गेलो तर कुत्र्यांनी फाडून सगळं ओढ्यात. तेव्हापासून टेम्पो आणि भंगारवाला पक्का झाल्याशिवाय तारीखच जाहीर करत नाही. काच वेगळ्या जाड गोणीत, बाटल्या चेपून, आणि गडावर कचरा अजिबात जाळायचा नाही, सुकलेल्या गवतात एक ठिणगी म्हणजे वणवा.

मग परवानगी. राजगड राज्य पुरातत्व खात्याकडे, लोहगड केंद्राच्या, हरिश्चंद्रगड अभयारण्यात, म्हणजे प्रत्येक ठिकाणी अर्ज कुणाकडे करायचा ते वेगळं. वाट वनखात्याच्या जमिनीतून जात असेल तर तिथल्या वनरक्षकाला भेटा. २०२५ मध्ये राजगड, लोहगडसकट बारा किल्ले युनेस्कोच्या यादीत गेलेत, त्यामुळे चांगल्या हेतूनेसुद्धा मनाने खोदकाम नको. आणि गावात आधी एकदा जाऊन या, सरपंचांना भेटा, जेवण गावातच सांगा, पिठलं-भाकरीसाठी माणसांचा आकडा आदल्या दिवशी कळवा. कुठली पायवाट खरी आणि कुठली ढोरवाट हे गुरं चारणाऱ्या मामांइतकं कुणालाच माहीत नसतं, त्यांना सोबत घ्या आणि त्या दिवसाची मजुरी द्या.

माणसं वीस-पंचवीस पुरे. पाच-पाच जणांचे गट, प्रत्येक गटात एक जुना माणूस, सगळ्यात मागे एक जण मोजणी करत. अख्खा गड नको, वाटेचा एकच टप्पा घ्या.

आता वाटेचं काम, खरी मेहनत इथे आहे. वळणावळणाची वाट सोडून लोक सरळ शॉर्टकट मारतात, तिथलं गवत जातं, पावसाळ्यात पाणी तोच रस्ता धरतं आणि दोन-तीन वर्षांत घळ होते, मग सगळा घसारा. म्हणून आधी शॉर्टकटची दोन्ही तोंडं काटेरी फांद्या आणि दगड टाकून बंद करा. मग वाटेवर जिथून पाणी वाहतं तिथे, परवानगीत बसत असेल तर, तिरका उथळ चर काढा, खालच्या बाजूला दगड घट्ट रोवून, म्हणजे पाणी वाटेवरून न धावता उताराकडे बाहेर पडतं. चर आडवा सरळ काढला तर पहिल्याच पावसात गाळाने भरतो, तिरकाच पाहिजे. दगड आजूबाजूचे सुटे घ्या, घडीव दगड दिसला की हात लावायचा नाही, तो तटबंदीचा किंवा पायरीचा असतो. कातळावर रंगाचे बाण तर मुळीच नकोत.

झुडपं तोंडावर येतात तेवढीच छाटा. कारवी मुळासकट उपटू नका, उतारावरची माती तीच धरून ठेवते, आणि ती साधारण सात वर्षांनी एकदा फुलते.

सामान: घमेली, टिकाव, पहार, कोयते, जाड हातमोजे, प्रथमोपचार. दगडाखाली हात घालण्याआधी काठीने हलवा, फुरसं, म्हणजे छोटा विषारी साप, असू शकतं. आग्या मोहोळ असलेल्या कड्याखाली परफ्युम, धूर, आरडाओरड काही नको. दगड सुटला तर मात्र "दगड!" म्हणून जोरात ओरडायचं, खालच्या गटाला तेवढाच वेळ मिळतो.

दिवस निवडताना दिवाळीनंतरचे बघा, माती अजून मऊ असते. मे महिन्यात पहाटे निघून फक्त चर साफ करून या. आणि जुलैत एखाद्या दमदार पावसानंतर, वाट सुरक्षित असेल तर, तीन-चार अनुभवी जण जाऊन पाणी खरंच कुठून वळतंय, कुठला चर तुंबलाय ते बघा, मोबाईलवर फोटो काढा. दिवाळीनंतर काय करायचं त्याची यादी त्याच फोटोंवरून बनते.