आयसी ओढायची नसते: बोर्डवरची चिप बदलताना या चुका टाळा

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतून टॉवेलच्या मागाचं जकार्ड कार्ड, म्हणजे नक्षी विणणारा भाग चालवणारा इलेक्ट्रॉनिक बोर्ड, आलं होतं. सोलेनॉइड (विजेवर चालणाऱ्या चुंबकाची कॉइल) चालवणारी सोळा पायांची यूएलएन २००३ आयसी उडालेली. गरम हवेचा ब्लोअर मारला, पाय सुटल्यासारखे दिसले, चिमट्याने उचलली आणि आठव्या पायाबरोबर बोर्डवरचं तांब्याचं पॅडच वर आलं. आठवा पाय ग्राउंडचा. ग्राउंडचं रुंद तांबं उष्णता ओढून घेतं, त्यामुळे तिथलं सोल्डर सगळ्यात उशिरा वितळतं. हे मला माहीत होतं. पण माग बंद पडलेला आणि मालक डोक्यावर उभा. नशीब, ग्राउंडच होतं. शेजारच्या कपॅसिटरवरून जंपर (जोडतार) मारून भागलं. इनपुटचं पॅड गेलं असतं तर केसाएवढा तांब्याचा ट्रॅक खरवडत बसलो असतो.

तेव्हापासून चिप आधी चिमट्याने हलकेच ढकलून बघतो. सगळं सोल्डर वितळलं असेल तर ती तरंगल्यासारखी सरकते. अडली, तर उष्णता अजून पोचलेली नाही.

सुटत नाही म्हणून ब्लोअर ४५० अंशांवर नेणारे खूप. त्याने बोर्ड फुगतो, शेजारचे प्लास्टिक कनेक्टर वाकतात. शिशाविना सोल्डर साधारण २१७ अंशांनंतर वितळतं, जुनं ६३-३७ चं १८३ ला. म्हणून आधी फ्लक्स (सोल्डर नीट वाहायला मदत करणारी पेस्ट) लावून सगळ्या पायांवर आयर्नने शिशाचं सोल्डर चढवा. मिश्रण लवकर वितळतं. मग ३५० च्या आसपास, हवा कमी, आणि नोझल सतत गोल फिरवत ठेवा.

आपल्याकडची खास चूक म्हणजे पंखा. मे महिन्यात तो बंद करायला जिवावर येतं, कबूल. पण एकीकडून बोर्ड तापवायचा आणि वरून पंख्याने गार करायचा, यात पॅडचा बळी जातो. तेवढी दहा मिनिटं घाम गाळा. धूर बाहेर ओढणारा छोटा एक्झॉस्ट मात्र चालू हवा.

मागावरच्या कार्डांवर तेलात भिजलेली रुई बसलेली असते. ब्रश आणि आयपीएने (आयसोप्रोपिल अल्कोहोल) ती आधी काढा, नाहीतर ब्लोअरखाली जळून पॅडवर कोळसा होतो. विक (जुनं सोल्डर शोषून घेणारी तांब्याची जाळीदार पट्टी) पॅडवर चिकटली तर ओढू नका, आयर्न ठेवूनच उचला. ऍसिडवाली पेस्ट बोर्डला लावूच नका.

चिप काढण्याआधी मोबाईलवर फोटो घ्या. पहिल्या पायाचा ठिपका कुठे होता हे नंतर कोणालाच आठवत नाही. बसवताना समोरासमोरच्या दोन कोपऱ्यांचे पाय आधी सोल्डर करा, सरळ आहे ना बघा, मग बाकीचे पाय. मायक्रोकंट्रोलर असेल तर कोरी चिप बसवून काही होत नाही, त्यात प्रोग्राम भरावा लागतो.

सप्लाय देण्याआधी मल्टीमीटरने शेजारशेजारचे पाय शॉर्ट नाहीत ना बघा. आणि नवी आयसीही उडाली, तर सोल्डरिंगला दोष देण्याआधी सोलेनॉइड मोजा. त्या कार्डाला जोडलेल्या सोलेनॉइडांपैकी सात जवळपास सारखे होते, आठव्याचा रेझिस्टन्स शून्यालगत, म्हणजे कॉइल आतून शॉर्ट. मालक म्हणाला, "हे आधी बघायला नको होतं का?" हो, बघायला हवं होतं.