खरादीसाठी साग-शिसवाचा चौकडीचा ठोकळा कसा चिकटवावा

गुजरातमधल्या संखेड्याच्या खरादकामाला (लाकूड फिरवून कातण्याच्या कामाला) रंग लाखेमुळे येतो. दोन लाकडे जोडून ठोकळा केला, तर रंग लाकडाचाच राहतो आणि कितीही झिजला तरी जात नाही. सागाची एक पट्टी व शिसवाची एक पट्टी अशी जोडी चिकटवून तिचे दोन तुकडे करावेत, आणि एक तुकडा उलटा करून दुसऱ्यावर चिकटवावा; असा ठोकळा कातून लाटणे केले की त्यावर दोन्ही लाकडांच्या चार पाख्या (उभे पट्टे) आलटून पालटून दिसतात.

लाकूड पूर्ण वाळलेले असावे, लाकडाच्या रेषा सगळ्या लांबीच्या दिशेने असाव्यात आणि पृष्ठभाग रंध्याने सपाट केलेले असावेत. सागात तेल असते, त्यामुळे फेविकॉल लावण्याच्या अगदी आधी तो थिनरने पुसावा. पहिली जोडी चिकटवणे सोपे आहे.

खरी परीक्षा दुसऱ्या चिकटवणीत होते. ओला फेविकॉल वंगणासारखा निसरडा असतो. शिकंजा (तुकडे दाबून धरणारी पकड) आवळला की वरचा भाग हळूच सरकतो, आणि ‘अजून आवळा’ हा सर्रास दिला जाणारा सल्ला पूर्णपणे चुकीचा आहे, कारण जास्त दाबाने तुकडा आणखी सरकतो व सांध्यातला फेविकॉलही बाहेर निघून जातो. माझ्या पहिल्या लाटण्यात वरचा तुकडा जेमतेम २ मिलिमीटर सरकला होता. चौकोनी ठोकळ्यात ते मला दिसले नाही. कातल्यावर मात्र शिसवाची एक पाखी रुंद, तर तिच्या शेजारची सागाची अरुंद झाली आणि टोकाला चार कोपरे एका बिंदूत मिळेनात.

तेव्हापासून मी ठोकळा दोन्ही टोकांना ३ सेंटिमीटर जास्त लांब ठेवतो. त्या वाढीव भागात खालच्या तुकड्यावर एकेक बारीक चूक (छोटा खिळा) ठोकून तिचे डोके उडवतो, म्हणजे टोक जेमतेम दीड मिलिमीटर वर राहते. मग फेविकॉल न लावताच वरचा तुकडा ठेवतो, दोन्ही टोकांच्या सांध्याच्या रेषा जुळवतो आणि हातोडीने हलकेच दाबतो. जुळवायच्या त्या या रेषाच; बाहेरच्या कडा पुढेमागे राहिल्या तरी रंध्याने निघतात. चुकांची टोके रुतली की तुकडा पुन्हा त्याच जागी बसतो. त्यानंतरच फेविकॉल पातळ पसरावा, शिकंजे थोडे थोडे, आलटून पालटून आवळावेत आणि सांध्यातून फेविकॉलचे बारीक मणी सगळीकडे सारखे फुटले की थांबावे. ओल्या फडक्याने पुसू नये. फेविकॉल लाकडाच्या छिद्रांत जातो. अर्ध्या तासाने तो पटाशीने खरवडावा.

पूर्ण २४ तास थांबावे. घाईने कातलेला ठोकळा फिरताना सुटू शकतो, आणि सुटलेला तुकडा तोंडावर येतो. चुका असलेली दोन्ही वाढीव टोके करवतीने कापून टाकल्याशिवाय ठोकळा खरादीवर अजिबात चढवू नये. चढवताना चालक काट्याचे (टोकात रुतून ठोकळा फिरवणाऱ्या भागाचे) दात सांध्यांच्या मध्ये, ४५ अंशांवर ठेवावेत, नाहीतर तेच सांधा फोडतात, आणि सुरुवात कमी वेगाने करावी.