इंजिन बदललं, पण गाडी एअर धरत होती
नारायणगाव मार्केटला टोमॅटोचे क्रेट नेणारी आमची जुनी पिकअप. इंजिन ऑइल खायला लागलं, निळा धूर, चढाला दम नाही. त्याच मॉडेलचं चांगलं डिझेल इंजिन मिळालं, तेच बसवलं. आरटीओची परवानगी आधी काढली होती. आरसीवर नवा इंजिन नंबर चढला नाही तर विम्याचा क्लेम अडकू शकतो. क्लच प्लेटही तेव्हाच बदलली, गिअरबॉक्स पुन्हा कोण उतरवणार?

संध्याकाळी गाडी झकास चालली. सकाळी सेल्फ मारून मारून बॅटरी बसली. डिझेलच्या लाइनमध्ये हवा शिरत होती; फिल्टरवरचा ब्लीड स्क्रू (हवा सोडायचा स्क्रू) सैल करून हातपंपाने एअर काढली की लगेच चालू. दुसऱ्या सकाळी पुन्हा तेच. डिझेल कुठेच ठिबकत नव्हतं, त्यातच दोन दिवस गेले. शेवटी टाकीतून डिझेल ओढणाऱ्या फीड पंपाच्या आधी पारदर्शक नळीचा वीतभर तुकडा जोडला, तर मोहरीएवढे बुडबुडे एकामागून एक येताना दिसले! ओढणाऱ्या बाजूला चीर असली की डिझेल बाहेर येत नाही, हवा आत जाते. टाकीकडच्या रबरी पाइपला क्लॅम्पखाली केसाएवढी चीर होती. पाइप बदलला, बँजो बोल्टचे (डिझेल पाइप जोडणारा पोकळ बोल्ट) तांब्याचे वायसरही नवे घातले. आता पहाटे ४ ला एका सेल्फमध्ये चालू होते.