चाळिशीनंतरची तंदुरुस्ती: ताट, फीत आणि बैठका

मराठीत चाळिशी हा शब्द वयासाठी वापरतात आणि वाचण्याच्या चष्म्यासाठीही. अक्षरे पुसट दिसू लागली की आपण निमूटपणे चष्मा करून आणतो आणि त्यात कोणाला कमीपणा वाटत नाही. कंबरेच्या बाबतीत मात्र हा समंजसपणा दिसत नाही. पॅन्टचा नंबर कित्येक वर्षे तोच राहतो, कारण पॅन्ट हळूहळू पोटाखाली घसरत जाते, आणि ‘माझे वजन काही फारसे वाढलेले नाही’ असे म्हणायला माणूस मोकळा राहतो. वजनकाटा पाहिला तर हे विधान पुष्कळदा खरेही असते. या वयात शरीरातला स्नायू हळूहळू घटतो आणि त्याची जागा चरबी घेते. काट्याला या दोहोंतला फरक कळत नाही.

चाळिशीत चयापचय मंदावतो म्हणून पोट सुटते, अशी एक सोयीची समजूत आहे. 2021 साली ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात, शरीराचा आकार आणि घडण जमेस धरली तर माणसाचा ऊर्जाखर्च विशीपासून साठीपर्यंत जवळजवळ स्थिर राहतो, असे आढळले. म्हणजे दोष वयाला देऊन भागत नाही. कार्यालयातली खुर्ची, घरासमोर उभी असलेली दुचाकी, रात्री दहाचे जेवण आणि वापराअभावी झिजणारा स्नायू, यांचाच हिशेब अधिक मोठा आहे, आणि तो बऱ्याच अंशी आपल्या हातात आहे.

आधी फीत घ्यावी

भारतीय शरीराबाबत एक गोष्ट विशेष ध्यानात ठेवण्यासारखी आहे. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटनचे जॉन युडकिन या दोन संशोधकांनी 2004 साली ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचेच छायाचित्र आणि मोजमाप छापले होते. उंचीच्या प्रमाणात वजन सांगणारा निर्देशांक, म्हणजे बीएमआय, दोघांचाही 22.3 होता, पण युडकिन यांच्या शरीरात चरबी 9.1 टक्के होती, तर याज्ञिक यांच्या शरीरात 21.2 टक्के. दिसायला सडपातळ असलेल्या आपल्या माणसांना मधुमेह का गाठतो, याचे उत्तर बरेचसे या दोन आकड्यांत आहे.

म्हणून वजनापेक्षा कंबर मोजावी. सर्वांत खालची बरगडी आणि कमरेच्या हाडाची वरची कड यांच्या मधोमध, उभे राहून, श्वास सहज सोडल्यावर, पोट आत न ओढता फीत धरावी. बेंबीखालून पट्ट्याच्या जागी मोजलेला आकडा उपयोगाचा नसतो. भारतीय पुरुषांसाठी 90 सेंटिमीटर आणि स्त्रियांसाठी 80 सेंटिमीटर ही मर्यादा मानली जाते. आकडा त्यापुढे असेल तर पुढील मजकूर आपल्यासाठीच आहे; आत असेल तर तो तसाच राहावा यासाठी आहे.

ताटाची फेरमांडणी

तंदुरुस्तीसाठी परदेशी बिया, महागडी पेये किंवा डब्यातली पावडर आणण्याची गरज सहसा पडत नाही. आपल्या ताटातले पदार्थ चांगलेच आहेत, बिघडले आहे ते त्यांचे प्रमाण. ताटाचा मोठा भाग पोळी आणि भात व्यापतात, भाजी चमच्या-दोन चमच्यांची तोंडीलावणी होते आणि वरण इतके पातळ असते की वाटीचा तळ दिसावा. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2024 साली जी आहारतत्त्वे प्रसिद्ध केली, त्यांत 2000 कॅलरींच्या दिवसाच्या आहारासाठी धान्य 250 ग्रॅम, डाळी-कडधान्ये 85 ग्रॅम, भाज्या 400 ग्रॅम, फळे 100 ग्रॅम, दूध किंवा दही 300 मिलिलिटर असे ढोबळ प्रमाण दिले आहे. अंडी किंवा मासे खाणाऱ्यांनी डाळींचा काही भाग त्यांतून भरून काढावा.

हे आकडे कागदावर राहू नयेत म्हणून एक दिवस स्वयंपाकघरातला वजनकाटा काढून कुकरला लावायच्या आधीची कोरडी डाळ मोजावी. आमच्याकडे चार माणसांच्या आमटीला लहान वाटीभर तूरडाळ लागत असे आणि ती वाटी जेमतेम 100 ग्रॅम भरली. म्हणजे माणशी 25 ग्रॅम डाळ आणि तिच्यातून मिळणारी साडेपाच ग्रॅमच्या आसपास प्रथिने. आपण वरण-भात रोज खातो म्हणून प्रथिनांची चिंता नाही, हा माझा समज त्या दिवशी गेला. निरोगी प्रौढाला शरीराच्या दर किलो वजनामागे दिवसाला सुमारे 0.83 ग्रॅम प्रथिने लागतात. साठ किलोच्या व्यक्तीला हे 50 ग्रॅम होतात. स्नायू घटण्याच्या वयात निदान एवढा आकडा तरी चुकू नये, आणि तो एकाच जेवणात न कोंबता तिन्ही वेळांना विभागावा.

उपाय अगदी साधे आहेत. आमटी घट्ट करावी. आठवड्यातून चार दिवस तरी मटकी, मूग, चवळी, वाल किंवा हरभऱ्याची उसळ करावी आणि ती भाजीच्या जागी नव्हे, भाजीच्या जोडीला वाढावी. घाईच्या रात्री पिठले हा उत्तम पर्याय आहे. बेसनाचे असो वा कुळथाचे, ते दहा मिनिटांत होते. न्याहारीला नुसते पोहे किंवा उपमा झाला तर त्यात मोड आलेले मूग घालावेत, किंवा बरोबर एक उकडलेले अंडे अथवा वाटीभर दही घ्यावे. एका अंड्यातून साधारण सहा ग्रॅम प्रथिने मिळतात. भाजणीच्या थालीपिठात डाळी आधीच असतात, त्यामुळे तव्यावर तेल बेताने सोडले तर त्याला नाव ठेवण्यासारखे काही नाही. किनारपट्टीवर राहणाऱ्यांना बांगडा आणि तारली हे मासे सुरमईहून स्वस्त मिळतात आणि ओमेगा-3 या स्निग्धाम्लाच्या बाबतीत ते सरस आहेत. फक्त ते रव्यात घोळवून तळण्याऐवजी तिखले किंवा कालवण करावे.

धान्य कमी करताना एकदम निम्मे करू नये, कारण चार दिवसांनी भूक बंड करते आणि आधीपेक्षा अधिक खाल्ले जाते. यासाठी चतकोर हे आपले जुने माप फार उपयोगी आहे. पहिल्या आठवड्यात प्रत्येक जेवणात चतकोर पोळी कमी करावी आणि तेवढीच जागा उसळ-कोशिंबिरीने भरावी. महिन्याभरात एक पोळी आपोआप गळते आणि ताट रिकामे वाटत नाही. येथे भाकरीप्रेमींना एक प्रेमळ सूचना द्यावीशी वाटते. ज्वारी-बाजरीची भाकरी पोटभरीची आणि तंतुमय आहे हे खरे, पण हातावर थापलेली एक मोठी भाकरी दोन फुलक्यांच्या पिठाएवढी सहज भरते. तीन पोळ्यांच्या जागी तीन भाकऱ्या खाऊन ‘मी गहू सोडला’ असे सांगणारे माझ्या ओळखीत बरेच आहेत.

तेल आणि मीठ ताटात मोजता येत नाही, ते वाणसामानाच्या यादीत मोजावे. माणशी दिवसाला 27 ग्रॅम तेल-तूप धरले तर चौघांच्या घरात महिन्याला साधारण साडेतीन लिटर पुरायला हवे. पाच लिटरचा डबा महिन्याअखेर खडखडीत होत असेल तर फोडणीचा हात आखडता घ्यावा. मीठ दिवसाला माणशी 5 ग्रॅमच्या आत असावे, म्हणजे चौघांना महिन्याला सहाशे ग्रॅम, आणि पापड, लोणचे, फरसाण यांतले मीठही त्यातच आले. साखरेचा मुख्य वाटा चहाचा असतो. दिवसाला चार कप आणि दर कपाला दोन चमचे म्हणजे आठ चमचे साखर, ती कोणी मिठाई म्हणून वाढली असती तर आपण हात जोडून नको म्हटले असते. दर पंधरवड्याला अर्धा चमचा कमी केल्यास जिभेला फारसे कळत नाही.

उपवासाबद्दलही चार शब्द सांगणे भाग आहे. ‘एकादशी आणि दुप्पट खाशी’ ही म्हण उगाच आलेली नाही. साबुदाणा हा जवळजवळ निव्वळ पिष्ट आहे; त्यात दाण्याचे कूट असते म्हणून खिचडी थोडी तरी सावरते, पण तिच्या जोडीला बटाट्याचे वेफर आणि खजूर आले की उपवासाचा दिवस आठवड्यातला सर्वांत जड दिवस होतो. राजगिऱ्याची भाकरी, वरीचे तांदूळ बेताने, दही, काकडी आणि फळ असा उपवास श्रद्धेलाही बाधा आणत नाही.

चालणे चांगले, पण पुरेसे नाही

प्रौढांनी आठवड्याला किमान 150 मिनिटे मध्यम गतीचा व्यायाम आणि निदान दोन दिवस स्नायूंना ताकद देणारा व्यायाम करावा, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. मध्यम गती कशी ओळखावी, तर चालताना बोलता यावे पण गाणे म्हणता येऊ नये. सकाळच्या फेरीत गप्पांच्या ओघात जो संथ वेग होतो त्याने मन प्रसन्न होते, दम मात्र लागत नाही; निदान मधली वीस मिनिटे गप्पा थांबवून झपाझप चालावे.

जेवणानंतरचे चालणे ही वेगळी गोष्ट आहे आणि ती आपल्याकडे शतपावली या नावाने पूर्वीपासून आहे. पायांचे मोठे स्नायू हलते राहिले की ते रक्तातली साखर वापरतात आणि जेवणानंतर चढणारा तिचा आलेख बराच खाली राहतो. मात्र शंभर पावले मिनिटाभरातच संपतात, म्हणून शब्दाचा अर्थ शब्दशः न घेता दहा-पंधरा मिनिटे सावकाश चालावे. पाऊस असेल तर इमारतीच्या वाहनतळात किंवा घरातल्या घरात येरझाऱ्या घातल्या तरी चालते.

शिफारशीचा दुसरा भाग, म्हणजे ताकदीचा व्यायाम, मध्यमवयीन मराठी घरांत बहुधा कोणीच करत नाही, आणि माझ्या मते सर्वांत मोठी चूक तीच आहे. नुसत्या चालण्याने मांड्या, पाठ आणि खांदे यांतला स्नायू टिकत नाही. आखाड्यातल्या जोर-बैठका यासाठीच होत्या. त्यांचे सोपे रूप घरी जमते. चाके नसलेली भक्कम खुर्ची भिंतीला टेकवून ठेवावी, तिच्या कडेशी बसावे, पावले खांद्यांइतक्या अंतरावर घ्यावीत, हात छातीवर दुमडावेत आणि श्वास सोडत, हाताचा आधार न घेता उठावे. खाली येताना धपकन बसू नये. मनात तीन मोजत बसावे, कारण खरी मेहनत त्या सावकाश उतरण्यात आहे. आठ ते बारा वेळा उठबस, मग मिनिटभर विश्रांती, अशा तीन फेऱ्या कराव्यात. बारा सहज होऊ लागल्या की खुर्चीऐवजी बुटके स्टूल घ्यावे, आणि तेही सोपे झाले की पाच किलोच्या पिठाची पिशवी छातीशी धरून उठावे. भार असा हळूहळू वाढत नसेल तर स्नायू वाढत नाही.

याच्या जोडीला भिंतीवरचे जोर करावेत: भिंतीपासून हातभर मागे उभे राहून तळवे भिंतीवर टेकवावेत आणि शरीर सरळ ठेवून छाती भिंतीकडे न्यावी. पाठीसाठी पाण्याच्या भरलेल्या दोन बाटल्या घेऊन, कमरेतून किंचित झुकून, कोपरे मागे ओढावीत. ओट्याचा आधार घेऊन टाचा उचलणे आणि दात घासताना एका पायावर उभे राहणे हे तर वेगळा वेळ न काढताही होते. सगळे मिळून पंचवीस मिनिटे लागतात. एकाआड एक दिवस, आठवड्यातून दोन-तीनदा पुरे.

सूर्यनमस्कार हा उत्तम व्यायाम आहे, पण तो पूर्वीच्या सवयीच्या भरवशावर करू नये. शाळेत घालत होतो या आठवणीवर मी एका रथसप्तमीला एकदम चोवीस घातले, पाचव्या दिवशी मनगट आणि कंबर धरली आणि पुढचे तीन आठवडे साधे वाकणेही अवघड झाले. तीनपासून सुरुवात करून दर आठवड्याला एक-दोन वाढवले असते तर चैत्रापर्यंत बारा आरामात झाले असते. व्यायामानंतर एक-दोन दिवस स्नायू दुखणे स्वाभाविक आहे; सांध्यात कळ येणे किंवा दुखणे वाढत जाणे स्वाभाविक नाही, तेव्हा थांबावे. रक्तदाब आटोक्यात नसेल, काचबिंदू किंवा मणक्याचा विकार असेल, तर डोके खाली जाणारे प्रकार डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नयेत.

‘घरकामात होतोच की व्यायाम’ असे पुष्कळ गृहिणी म्हणतात. दमणूक होते हे निर्विवाद, परंतु त्या कामात भार वाढत नाही आणि रजोनिवृत्तीनंतर हाडे वेगाने विरळ होत असताना त्यांना भाराचीच गरज असते. त्यामुळे वर सांगितलेल्या बैठका स्त्रियांनी तर टाळूच नयेत. नाचणीची भाकरी किंवा आंबील कॅल्शियमसाठी चांगली. आणि सर्वांच्या मागून जेवताना उरलेसुरले संपवण्याची रीत बंद करावी, कारण उरतो तो बहुधा भात; उसळ आधीच संपलेली असते.

तपासणी आणि सबुरी

नव्याने व्यायाम सुरू करण्याआधी रक्तदाब, उपाशीपोटीची साखर, एचबीए1सी (मागच्या दोन-तीन महिन्यांतल्या साखरेची सरासरी सांगणारी चाचणी) आणि कोलेस्टेरॉल यांची तपासणी करून घ्यावी. उपाशीपोटीची साखर 100 ते 125 असेल तर ती मधुमेहाच्या उंबरठ्याची खूण आहे आणि याच टप्प्यावर आहार-व्यायामाचा सर्वाधिक उपयोग होतो. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल तर जेवण आणि व्यायाम बदलण्यापूर्वी डॉक्टरांशी बोलावे, नाहीतर साखर अचानक उतरू शकते. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी प्रथिने स्वतःच्या मनाने वाढवू नयेत. चालताना छातीत दडपण येणे, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ येणे, घेरी येणे ही पित्ताची लक्षणे समजून सोडा पिऊ नये. तत्काळ रुग्णालय गाठावे.

फीत महिन्यातून एकदाच, सकाळी न्याहारीपूर्वी लावावी आणि आकडा भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर त्या तारखेच्या चौकटीत लिहावा. पहिल्या महिन्यात बहुधा काहीच हलत नाही. तीन महिन्यांत दोन-तीन सेंटिमीटर उतरले तरी ते चांगले काम आहे, भले वजनकाटा जागच्या जागी असो. फीत मात्र नवी घ्यावी, कारण शिवणाच्या डब्यातली जुनी कापडी फीत वर्षानुवर्षांच्या वापराने ताणली गेलेली असते आणि कंबर आहे त्यापेक्षा बारीक दाखवते.