स्टॅक वापरूनही ‘राँग आन्सर’ येतं तेव्हा

कोडिंगच्या सरावातला हा प्रश्न साधा दिसतो. एक स्ट्रिंग, म्हणजे अक्षरांची ओळ, आणि ‘के’ हा आकडा दिलेला. एकच अक्षर सलग ‘के’ वेळा आलं की ती सगळी उडवायची, मागचं-पुढचं जोडायचं, आणि उडवण्यासारखं काही उरेनासं होईपर्यंत हेच करायचं.

आधी सुचतं ते असं: गट दिसला की काढा आणि पुन्हा पहिल्यापासून फिरा. लांबी १,००,०००, के = ३ आणि गट एकाच्या पोटात एक दडलेले असले, तर दर फेरीला एकच गट निघतो. ३३,०००हून जास्त फेऱ्या, मिळून दीडशे कोटींच्या वर पावलं. टीएलई (‘टाइम लिमिट एक्सीडेड’, म्हणजे वेळ संपली) ठरलेला. इथवर सगळ्यांना कळतं, म्हणून तर स्टॅक येतो, म्हणजे अशी चळत जिच्यात फक्त वरच ठेवता येतं आणि वरूनच काढता येतं.

खरा घोळ त्यानंतरचा. बरेच जण स्टॅकमध्ये नुसती अक्षरं ठेवतात आणि ‘सलग किती’ ते बाहेर एका व्हेरिएबलमध्ये मोजतात. हे करू नका.

के = ३ घेऊन ‘कखखखककग’ कागदावर चालवून बघा. क आला, मोजणी १. ख आला, मोजणी परत १, मग २, मग ३. तिन्ही ख गेले. आता वर क आहे. त्याची मोजणी १ होती, पण ती ख ने केव्हाच पुसली. व्हेरिएबल ० केलं असेल, तर पुढचे दोन क १, २ असे मोजले जातात आणि उत्तर येतं ‘कककग’. हवं होतं नुसतं ‘ग’. यावर ठिगळ म्हणून ० ऐवजी १ ठेवलं, तर हे उदाहरण सुटतं, पण ‘ककखखखकग’ अडकतं. ठिगळ बरोबर वाटतं, हाच त्याचा धोका.

मोजणी स्टॅकमध्येच हवी: प्रत्येक खणात अक्षर आणि त्याची मोजणी अशी जोडी. नवं अक्षर वरच्यासारखंच असेल तर मोजणी वाढवा, नाहीतर नवी जोडी १ सह पुश करा, म्हणजे वर ठेवा. मग मोजणी के झाली का बघा. झाली तर पॉप, म्हणजे ती जोडी वरून काढून टाका. खालची जोडी आपली मोजणी सांभाळून बसलेली असतेच. ‘झाली का’ ही तपासणी ‘वाढवा, नाहीतर पुश करा’ या इफ-एल्सच्या बाहेर ठेवा. ती ‘वाढवा’च्या आत गेली, तर के = १ ला काहीच उडत नाही.

बाकी किरकोळ. सी प्लस प्लसमध्ये रिकाम्या स्टॅकचा टॉप वाचलात, तर कोड तुमच्याकडे चालून जजवर, म्हणजे कोड तपासणाऱ्या साइटवर, कोसळू शकतो. पायथनमध्ये शेवटचं अक्षर काढायला स्ट्रिंग स्लाइस केली (कापून घेतली), तर दर वेळी अख्खी कॉपी होते. लिस्ट वापरा, शेवटी एकदाच जॉइन करा.

‘स्टॅकचे पन्नास प्रश्न सोडव, आपोआप जमेल’ हा सल्ला मला पटत नाही. टेम्प्लेट (तयार कोडचा साचा) पाठ करणं तर त्याहून वाईट. हा एक प्रश्न हाताने, खण काढून, तीन-चार स्ट्रिंगवर चालवा. पहिल्या दिवशी जोडी सुचली नाही, तर त्यात कमीपणा नाही. ती सहसा आधी चुकल्यावरच सुचते.

आणि सबमिट करण्याआधी तो पहिला संथ कोड फेकू नका. रँडम स्ट्रिंगवर दोन्हींची उत्तरं ताडून बघा. मात्र अक्षरं दोनच घ्या, लांबी आठ-दहा. २६ अक्षरांतून रँडम उचललीत, तर एखाद्या जागी सलग तीन सारखी येण्याची शक्यता ६७६ मध्ये १. एक गट उडून त्यामुळे दुसरा जुळणं तर त्याहून दुर्मीळ, आणि चूक नेमकी तिथेच असते.